भुशाची भिंत

त्या राज्यात सगळ्यांना सगळं माहीत होतं. सरोवर अडवून धरणाऱ्या भिंतीत दगडाऐवजी भुसा भरला आहे, हे माहीत होतं. भिंतीसाठी डोंगरातून आणलेला दगड कोणाकोणाच्या अंगणात बसवला गेला, हेही माहीत होतं, आणि सुटीच्या दिवशी लोक मुलाबाळांना घेऊन ती अंगणं बाहेरून बघायला जात. चौकातल्या संगमरवरी कारंज्यापाशी सकाळची कडक कॉफी घेताना ही माहिती एकमेकांना दिली जाई. ऐकणारा म्हणे, यात नवीन काय? त्यावर दोघेही खूश होत, कारण आपण भोळे नाही एवढं तरी सिद्ध झालेलं असे.

भिंतीच्या पायथ्याशी एक चिचुंद्री राहत होती. सतरा रात्री तिच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. लेकाला कुशीत घेऊन आडवी झाली की तिला भिंतीच्या आत पाणी ऐकू येई. वाहणारं नव्हे, चालणारं, कोणी अनवाणी घरात वावरावं तसं. म्हणजे, असं तिला वाटे. तिला बरंच काही वाटत असे. लेक शिंकला तरी तिला सात आजार आठवत, आणि त्यातले पाच तिने कुठेतरी वाचलेले असत. म्हणून आधी तिने स्वतःवरच संशय घेतला. मग शेजारच्या सरड्याला बोलावून भिंतीला कान लावायला सांगितलं.

सरड्याने बराच वेळ कान लावला. "चाललंय खरं पाणी," तो म्हणाला. "पण बाई, तुम्ही जरा जास्त शिकलात, त्याचा हा त्रास. ऐकू आम्हालाही येतं. आम्ही कूस बदलतो."

दुसऱ्या दिवशी तिने नखांनी भिंत उकरली. वरचा गिलावा टणक होता, निम्मी सकाळ त्यातच गेली. आतून मूठभर भुसा निघाला. तो ओला होता. तिने तो पानात बांधला आणि लेकाचं तोंड धुऊन, त्यालाही घेऊन कचेरीची वाट धरली.

जागा बदलावी हे तिच्या मनात आलं नव्हतं असं नाही. पण टेकडीवर बीळ खणायचं तर चिठ्ठी लागे, आणि चिठ्ठी देणारी घोरपड होती. भिंत बांधून होईपर्यंत त्या राज्यात चौदा सरकारं आली, आणि चौदाही सरकारांत घोरपड होती. कधी पाण्याची मंत्री, कधी धान्याची, एकदा तर शोकसभांची. सरकार पडलं की बाकीचे खाली घरंगळत; घोरपड जिथे चिकटली असेल तिथून नुसती मान वळवून बघे. सगळे तिला मावशी म्हणत. ती प्रत्येक मयतीला पहिल्या रांगेत असे आणि प्रत्येक बारशाला काहीतरी घेऊन येई. तिच्याबद्दल वाईट बोलणारेही बोलून झाल्यावर आपल्या धाकट्याच्या कामाची आठवण तिला करून द्यायला विसरत नसत.

कचेरीत एक कासव बसलं होतं. त्याने पान उघडलं, भुसा हुंगला आणि विचारलं, "चित्र निघालंय का तुमचं?"

ही तिथली रीत होती. डोंगराच्या पोटात एक गुहा होती. तिथे कोळ्यांनी विणलेल्या पांढऱ्या जाळ्याच्या पडद्यावर काजव्यांच्या उजेडात चित्रं दाखवत. राज्यात जे जे वाईट घडे त्याचं चित्र निघे, आणि ती चित्रं इतकी सुरेख असत की समुद्रापलीकडचे पक्षी ती बघायला थवे करून येत. कचेरीत कागद हलायला तीन पिढ्या लागत, चित्र एका हंगामात तयार होई. त्यामुळे जिचं चित्र निघालं नाही ती तक्रार किरकोळ, असं मानलं जाई. चिचुंद्रीने विचारलं, चित्र निघाल्यावर काय? कासव म्हणालं, आधी निघू तर द्या.

तिने बराच विचार केला. ती शिकलेली होती आणि शिकलेल्यांचा पडद्यावर फार विश्वास असतो. एकदा सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं की मग कोण काय लपवणार, असं तिने स्वतःला सांगितलं. सगळ्यांना सगळं आधीच माहीत आहे आणि लपवत कोणीच नाही, हे तिला तेव्हा आठवायला हवं होतं. ते तिला घरी पोचल्यावर आठवलं. तोवर तिने भुसा खंड्याच्या हातात दिलेला होता.

खंड्या चित्रं काढत असे. तो लबाड नव्हता, हे सांगायला हवं. तो बिळापाशी आला, भिंतीला कान लावून उभा राहिला आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने सगळं विचारून घेतलं: आवाज कुठून येतो, लेक झोपेत कोणत्या कुशीवर असतो, भीती वाटली की ती आधी काय करते. आधी पांघरूण सारखं करते, ती म्हणाली, आणि तिला स्वतःचीच लाज वाटली. खंड्याने तेही लिहून घेतलं. या चित्रापायी त्याच्या घरट्यात दोनदा मेलेला मासा टाकला गेला. तिसऱ्यांदा आत काय टाकलं ते त्याने कोणालाच सांगितलं नाही. तरी चित्र त्याने पुरं केलं.

पहिल्या खेळाला गुहेत पाय ठेवायला जागा नव्हती. चिचुंद्रीला आणि लेकाला मानाने पुढे बसवलं होतं, आणि त्यांच्या शेजारच्या आसनावर, दोन भाच्यांना घेऊन, स्वतः मावशी बसली होती. काजवे मंदावले. पडद्यावर सगळं खरं दिसलं. दगड कोणी नेला, भुसा कोणी पाठवला, कोणत्या सरकारात कोणी सही केली. मावशीचं काम चिचुंद्रीच्या शेजारच्याच सरड्याने केलं होतं, आणि इतकं अप्रतिम केलं होतं की गुहेचा श्वास थांबला. मान वळवण्याआधीचा तो एक क्षण, जिभेचं ते हळूच बाहेर येणं. बाहेर चौकात तरुण सरडे पुढे वर्षभर तसेच चालत होते.

शेवटी भिंत फुटली. चिचुंद्रीचं काम करणारी खार पांघरूण सारखं करता करता वाहून गेली आणि तिचं पिल्लू पाण्यावर तरंगताना दिसलं. लेकाने आईच्या काखेत तोंड खुपसलं. मग दिवे लागावेत तसे एकदम सगळे काजवे पेटले. खार आणि तिचं पिल्लू, दोघंही पडद्यामागून बाहेर आली आणि त्यांनी वाकून नमस्कार केला. लेकाने एक डोळा उघडून बघितलं, मग दुसरा. त्याचा चेहरा इतका खुलला की तेवढ्यापुरतं तिलाही बरं वाटलं.

टाळ्या थांबल्यावर मावशी तिच्याकडे वळली. तिचे डोळे खरोखरच ओले होते.

"पोरी, माझी चाल तेवढी त्याला नीट जमली नाही," ती म्हणाली. "बाकी सगळं अगदी खरं आहे."

चिचुंद्रीने तेव्हा जे केलं ते तिने पुढे कोणालाही सांगितलं नाही. काय काय बोलायचं ते तिने पाठ करून आणलं होतं. ते सगळं बाजूला राहिलं आणि तिने हात जोडून टेकडीवरच्या जागेची चिठ्ठी मागितली. मावशीने लेकाच्या डोक्यावरून हात फिरवला. म्हणाली, तुझ्यासारख्या धीट बाईने तिथेच राहिलं पाहिजे. आता लोक तुझं बीळ बघायला येतील.

आणि लोक आले. समुद्रापलीकडचे पक्षी आले, भिंतीला आळीपाळीने कान लावले आणि हरखून म्हणाले, ऐकू येतं हं, अगदी चित्रातल्यासारखं. एवढं निर्भीड चित्र काढू देणारं राज्य किती मोकळं असेल, असंही ते आपसात म्हणत. चिचुंद्री कचेरीत गेली तेव्हा कासव तिला बघून उठून उभं राहिलं. तिच्यासाठी कोणी उठून उभं राहण्याची ती पहिलीच वेळ होती. पण तक्रार घेताना ते गोंधळलं. तुमचं तर झालं की, ते म्हणालं. पडद्यावर निकाल लागला, सगळे रडले, अजून काय हवं? तिने पुराव्याचा भुसा मागितला. तो गुहेच्या दाराशी काचेत ठेवला होता आणि आता राज्याच्या ठेव्यात जमा झाला होता.

त्याच महिन्यात पंधरावं सरकार आलं. मावशीकडे या वेळी चित्रांचं खातं होतं. पहिलं मोठं बक्षीस तिने खंड्याला दिलं. ते घेताना त्याची मान खाली होती, पण त्याने ते घेतलं. तो पुढे चिचुंद्रीला एकदाच भेटला. आपण खरं तेच दाखवलं ना, असं त्याने तिला विचारलं. तिने हो म्हटलं.

चिचुंद्रीला आणि लेकाला गुहेत कधीही मोफत प्रवेश होता. पावसाळी दिवसांत बिळात ओल येई आणि गुहा कोरडी असे, म्हणून ती त्याला घेऊन जाई. मुलाला पुन्हा पुन्हा हे दाखवणं बरं नव्हे असं तिला वाटे. मुलाला ओलीत बसवणंही बरं नव्हे असंही वाटे. लेकाने ते चित्र अकरा वेळा पाहिलं. आता तो तोंड लपवत नसे. भिंत फुटायच्या थोडं आधी तो शेजारच्यांना कोपर मारून सांगे, की आता बघा.

अकराव्या खेळानंतर ती दोघं परत निघाली तेव्हा दुपार उतरत होती. चिचुंद्र्यांच्या रीतीप्रमाणे लेकाने तिची शेपूट दातांत धरली होती आणि तो मागोमाग येत होता. पायथ्याशी पाहुण्या पक्ष्यांचा एक थवा भिंतीला कान लावून उभा होता. त्यांच्यातला एक वैतागून म्हणाला की आज काहीच ऐकू येत नाही.

ती थांबली. खरंच काही ऐकू येत नव्हतं. एवढ्या दिवसांत भिंत पहिल्यांदाच गप्प होती. मग गिलाव्यावर वरपासून खालपर्यंत एक ओली रेघ उमटली, आणि रेघेतून भुसा सांडू लागला, पोतं उसवावं तसा. पक्षी पंख पसरून वर उठले आणि तिथेच, हवेत, बघत राहिले. पायथ्याच्या जैतुनाच्या झाडांमधून शेजारचा सरडा धावत सुटला होता. या खेपेला त्याला कोणताच रंग सुचत नव्हता.

"पळ, पिल्लू," ती म्हणाली. "शेपूट सोडू नकोस. टेकडीकडे पळ."

ती तीन पावलं गेली आणि तिच्या लक्षात आलं की मागे ओढ नाही. तिने वळून पाहिलं. लेक वाटेतल्या एका दगडावर चढून बसला होता. पाय पुढे सोडलेले, तोंड भिंतीकडे. पाणी दगडाच्या बुडाशी पोचलं होतं. त्याने सरकून आपल्या शेजारी तिच्यासाठी जागा केली.

"बस ना, आई," तो म्हणाला. "दिवे लागतीलच आता."