पिराजीनं ग्रीस भरलं

हिंगणवाडीत एक भोळा माणूस राहायचा. पिराजी त्याचं नाव. भोळा म्हणजे किती भोळा, ते सांगतो. चौतिसाव्या वर्षी तो मुलगी बघायला गेला. चहापाणी झालं. त्याचा चुलता म्हणाला, "जरा चालून दाखवा की." मुलगी उठायच्या आत पिराजी उठला आणि ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालून आला.

मुलीचं नाव विमल. आधी अकरा जणांनी तिला चालायला लावलं होतं. हा बारावा, आणि हा स्वतःच चालला. तिला तो फार आवडला. "करीन तर ह्यालाच," म्हणाली.

पण तिचा बाप होता हवालदार. शिदोजी हवालदार, फौजेतून पेन्शनीवर आलेले. त्यांच्याकडं लिलावातली एक जुनी मोटरसायकल होती. तिला चेन नाही. चेनीच्या जागी इंजिनापासून मागच्या चाकापर्यंत एक लोखंडी दांडा. त्याला शाफ्ट म्हणतात. शाफ्टच्या सांध्यांवर ग्रीस भरायची तीन बारीक बोंडं, म्हणजे निपल. ती इतक्या अडचणीत की बसवणाराला शिव्याच द्याव्यात. वरून झाकण, झाकणाला बोट जाईल एवढं भोक, आणि त्या भोकातून निपल दिसलं तर दिसलं.

हवालदारांनी निरोप धाडला. "रविवारी या. माझ्या गाडीला ग्रीस भरून दाखवा. जमलं तर दिवस मावळायच्या आत पेढे. न्हाई जमलं तर आल्या वाटेनं परत."

विमलला त्या रात्री झोप लागली नाही. पिराजीचं तसं नाही. तो जेवला आणि झोपला.

आता एक गोष्ट ध्यानात घ्या. आमच्याकडं होणाऱ्या जावयावर आवाज चढवत नाहीत. "तुमचं चुकलं" असं त्याला तोंडावर म्हणत नाहीत. काय सांगायचं ते आडून सांगायचं, साऱ्या जगाला सांगितल्यासारखं. सगळा घोळ तिथंच झाला.

रविवारी सकाळी पिराजी हजर. हवालदारांनी त्याच्या हातात ग्रीसगन दिली, म्हणजे दाबून ग्रीस भरायची पिचकारी.

"पाव्हणं, हात पोचतो तिथं कुणीबी ग्रीस लावतंय. जिथं हात पोचत न्हाई, तिथं लावायचं."

"बरं मामा."

हवालदार आंघोळीला गेले. पिराजी गाडीखाली शिरला. त्याचे हात लांब. एक हात आत घातला, तर झाकणापर्यंत पोचला.

"हात्तिच्या! हितं तर पोचतोय. म्हणजे हितं न्हाई."

तो घरभर हिंडला. कोनाड्यात हात पोचला. कणगीमागं पोचला. मग त्यानं वर बघितलं. आढ्याला हात पोचत नव्हता. त्यानं शिडी लावली, वर चढला आणि सगळ्या आढ्याला ग्रीस चोपडलं. शिडीवरून हात पोचतोच की, असं तुमच्या मनात येईल. त्याच्या नाही आलं.

थोड्या वेळानं मांजर आढ्यावरून निघालं. रोजची वाट त्याची. निम्म्यात गेलं आणि सुळकन घसरलं ते थेट ताकाच्या डेऱ्यात. विमलची आई, म्हणजे मामी, ताक करत होती. तिनं जी किंकाळी फोडली, ती ऐकून हवालदार साबणासकट बाहेर आले.

त्यांनी आढं बघितलं. मांजर बघितलं. तोंडात आलेली शिवी गिळली.

"पाव्हणं," ते दात आवळून म्हणाले, "आपण हिकडं तिकडं हिंडायचं न्हाई. एका जागी बसायचं. जे पाहिजे ते समोर येईस्तोवर हळूहळू फिरवायचं. जोर करायचा न्हाई."

ते चाकाबद्दल बोलत होते. चाक फिरवलं की शाफ्ट फिरतो आणि निपल भोकासमोर येतं. पण चाक हा शब्द त्यांनी काढलाच नाही.

"बरं मामा," पिराजी म्हणाला.

हवालदार अंग धुऊन आले, तोवर मामीनं पानं वाढली. दोघं शेजारी शेजारी पाटावर बसले. आमटी जरा अळणी होती. मिठाची वाटी हवालदारांच्या पलीकडं. मीठ मागायचं तर मामा समोर पाहिजेत. पिराजी जागचा हलला नाही. त्यानं हवालदारांचा पाट दोन्ही हातांनी धरला आणि हळूहळू फिरवायला लागला. जोर नाही, काही नाही. हवालदार पाटासकट फिरले. तोंडात घास होता, ओरडता येईना. हातात आमटीची वाटी होती, ती धोतरावर सांडली. शेवटी त्यांचं तोंड पिराजीच्या बरोबर समोर आलं. पिराजी थांबला.

"मामा, मीठ," तो म्हणाला.

दारामागं विमलनं पदर तोंडात कोंबला. हसावं की रडावं तिला कळेना.

हवालदारांनी धोतर बदललं आणि स्वतः पिराजीला गाडीखाली घातलं. चाक स्वतः फिरवलं. निपल भोकासमोर आलं. पिराजीनं गन लावली.

"थांबा, थांबा!" हवालदार ओरडले, आणि लगेच आवाज खाली आणला. "लावायच्या आधी पुसायचं, पाव्हणं. कायबी नवीन लावायचं झालं तर आधीचं फडक्यानं स्वच्छ पुसायचं. न्हाईतर माती आत जाती."

"बरं मामा. फडकं आणतो."

फडकं आणायला तो घरात गेला. घरात शेजारच्या बायका जमल्या होत्या. संध्याकाळी सोयरीक ठरणार, म्हणून हळदीकुंकू चाललं होतं. एका बाईनं चिमटीत कुंकू घेतलं आणि मामीच्या कपाळाकडं हात नेला.

"थांबा!" पिराजी मध्ये घुसला. "आधी पुसायचं. न्हाईतर माती आत जाती."

आणि ग्रीसच्या हातांनी काळ्या झालेल्या फडक्यानं त्यानं मामीचं कुंकू पुसून टाकलं.

बायका मागं सरकल्या. भर हळदीकुंकवात सवाष्णीचं कुंकू पुसलं! एका म्हातारीनं तर सवयीनं गळाच काढला. तिचं रडणं ऐकून हवालदार धावत आले.

"कोण गेलं?"

सगळ्या त्यांच्याकडंच बघत होत्या. त्यांनी मामीचं काळं कपाळ बघितलं.

"अगं, मी जिता हाय!" हवालदार कळवळून म्हणाले.

आता मात्र त्यांचा संयम सुटला. त्यांनी दाराकडं बोट केलं. "पाव्हणं, आल्या वाटेनं..."

तोच विमल पुढं आली. डोळे भरले होते तिचे. "आप्पा, तुम्ही सकाळपासून नुसतं सांगताय. एकदा करून दाखवा. मग बी न्हाई जमलं, तर मीच त्यांना वेशीपर्यंत सोडून येते."

लेकीचं रडू त्यांना बघवेना. ते मुकाट्यानं गाडीखाली आडवे झाले. पिराजी शेजारी आडवा झाला. निपल समोर आणलं. पुसलं. गन लावली. पिराजीनं एकदा दाबली आणि सोडली.

"सोडू नका!" हवालदार म्हणाले. "दाबत ऱ्हायचं. आतलं बाहेर येईस्तोवर दाबत ऱ्हायचं. मधी कुणी काय बी म्हणू दे, ऐकायचं न्हाई. आणि एकावर थांबायचं न्हाई. तिन्ही भरल्याबिगर उठायचं न्हाई."

"बरं मामा."

आणि काय सांगू, जमलं की हो! पिराजी दाबत राहिला. सांध्यातनं काळं, वाळलेलं जुनं ग्रीस बाहेर आलं. दुसरं निपल भरलं. तिसरं भरलं. हवालदारांनी गाडीवरून गावाला फेरी मारली. इतकी वर्षं करकरणारी गाडी लोण्यासारखी चालली. हवालदार मिशीत हसत परत आले. विमलनं मोठा श्वास सोडला.

दिवस मावळायला आला. गावची चार जाणती माणसं बैठकीला आली. पोलीस पाटील मधोमध बसले. पेढ्यांचा पुडा सोडला. आमच्या गावची रीत अशी, की जावयानं सासऱ्याला पेढा भरवायचा आणि सासऱ्यानं चौघांत म्हणायचं, "मुलगी दिली."

पिराजीनं पेढा भरवला. हवालदारांनी खाल्ला आणि बोलायला तोंड उघडलं.

पिराजीनं दुसरा पेढा कोंबला. मग तिसरा.

"ऊं... ऊं..." हवालदार म्हणाले.

"अहो, पुरे!" पाटील म्हणाले.

पिराजीनं ऐकलं नाही. चौथा, पाचवा, सहावा. अंगठ्यानं दाबत राहिला. हवालदारांचे डोळे पांढरे झाले. मामी धावली. पिराजीनं सातवा पेढा दाबला, आणि हवालदारांची कवळी टपकन बाहेर आली आणि पुड्यात पडली. वरच्या दातांची कवळी. बायकोशिवाय गावात कुणाला ठाऊक नव्हती.

पिराजीनं दाबणं सोडलं. कपाळावरचा घाम पुसला.

"आलं मामा, आतलं बाहेर!"

हवालदारांनी लाल डोळ्यांनी दाराकडं बोट केलं. पण पाटलांनी त्यांचा हात खाली घेतला.

"आता कसलं दार दाखवताय, हवालदार? जावयाच्या हातचा एक पेढा खाल्ला तरी सोयरीक मोडता येत न्हाई. तुम्ही सात खाल्ले. मुलगी दिली!"

विमलनं कपाळाला हात लावला आणि खुदकन हसली. पिराजीनं काही ऐकलं नव्हतं. तो पुड्यातले उरलेले पेढे मोजत होता. कवळी बाजूला सारून त्यानं पुडा उचलला.

"एक झालं," तो म्हणाला. "दोन राहिली. मामी, आ करा."