सिंधूआत्याच्या भिंतीची पट्टी

शाळेतल्या बाईंनी माझ्या कृत्तिकेला सांगितलं, "मी सांगेपर्यंत उभी राहा." मग बाई विसरल्या. पोर डबा खायची सुट्टी संपेपर्यंत उभीच! दोन रात्री मला झोप नाही. मुलगी आज्ञाधारक आहे की... पुढचा शब्द मी मनातसुद्धा उच्चारला नाही. मुलांना गोष्टीतून शिकवावं म्हणतात, म्हणून तिला जवळ घेऊन ही गोष्ट सांगितली.

एका गावात बाळनाथ नावाचा एक भोळा सुतार होता. रंगकामही तोच करायचा. सांगाल तेवढंच करायचा, पण सांगाल ते अगदी पुरतं करायचा.

त्याच गावात सिंधूआत्यांनी नवं घर बांधलं. शुक्रवारी वास्तुशांत होती आणि शहरातल्या जाऊबाई येणार होत्या. जाऊबाईंच्या फ्लॅटमध्ये भिंतीच्या पायथ्याशी लाकडी पट्टी होती, स्कर्टिंग म्हणतात तिला. आत्यांच्या घरात नव्हती. जाऊबाईंसमोर मान खाली जायला एवढं पुरे होतं.

मंगळवारी आत्यांनी बाळनाथला बोलावलं. "बाळ्या, शुक्रवारच्या आत पट्ट्या रंगवून लाव."

बाळनाथने अंगणात पट्ट्या रंगवल्या आणि ओल्याच उचलून भिंतीला ठोकल्या. पट्टीवर हातोडीचे वळ उठले. भिंतीवर त्याची दहाही बोटं उठली.

"अरे मेल्या, काढ त्या आधी! आधी ठोकायचं, मग रंगवायचं!"

"समजलं, आत्या. आधी ठोकायचं, मग रंगवायचं."

बुधवारी आत्या म्हणाल्या, "पट्ट्या वाळू देत. तोवर मागच्या दाराला रंग दे." आणि त्या परसात कुरडया घालायला गेल्या.

बाळनाथने आधी दार ठोकलं. सात खिळे. मग रंगवलं.

आत्या गावाला वळसा घालून पुढच्या दाराने घरात आल्या. "बाळ्या, डोकं कुठे ठेवून आलास?"

"टोपीखालीच आहे, आत्या."

"नीट ऐक. आधी ठोक, मग फट भर, मग घासून रंग दे. फट राहिली की मुंग्या होतात."

"समजलं, आत्या. फट दिसली की भरायची."

गुरुवारी बाळनाथने सकाळपासून फटी भरल्या. खिडकीच्या भरल्या, कपाटाच्या भरल्या. मोरीचं भोक भरलं. कुलपाचं भोक भरलं. ओसरीवर आत्यांचे सासरे, तात्या, तोंड उघडं टाकून घोरत होते. बाळनाथ पुट्टीने माखलेला पत्रा घेऊन त्यांच्यावर वाकला. नशीब, तात्यांना शिंक आली.

तेवढ्यात मोरीचं पाणी देवघरापर्यंत आलं. आत्यांनी कपाळावर हात मारला.

"अरे, पट्टीची फट! पट्टी आणि भिंत यांच्या मधली! आता पट्टी सोडून कशालाही हात लावू नकोस. भिंतीभिंतीने सरळ ने, मधे कुठेही तुटता कामा नये. आणि रंग ओला असेपर्यंत कुणाला आत पाऊल टाकू देऊ नकोस. माझ्या बापालासुद्धा!"

"समजलं, आत्या."

शुक्रवारी पहाटेच पाट मांडून, दूध चुलीजवळ ठेवून आणि बाळनाथला पट्टीच्या कामाला लावून आत्या घरच्या सगळ्यांना घेऊन स्टँडवर गेल्या. जाऊबाई उतरल्या, गुरुजी उतरले. सगळे दाराशी आले. आत्यांनी दार ढकललं. हललं नाही.

खिडकीच्या गजांतून सगळ्यांनी आत डोकावलं. बाळनाथने या खेपेला क्रम चुकवला नव्हता. आधी ठोकलं होतं, मग फट भरली होती, मग घासलं होतं, मग रंग दिला होता. पट्टी चारी भिंतींनी फिरली होती. आणि पुढच्या दारावरूनही गेली होती.

"अरे, दारावरून पट्टी?"

"दारापाशी मधे तुटत होती, आत्या."

"फिनिशिंग मात्र छान आहे हो," जाऊबाई म्हणाल्या.

"बाळ्या, पट्टी उखड आणि दार उघड!"

"रंग ओला आहे, आत्या."

"माझं घर आहे ते!"

"तुमच्या बापालासुद्धा नाही म्हणालात."

मागच्या दाराचे सात खिळे काढायला सुतार हवा होता. गावात सुतार एकच, तो आत. गुरुजींनी घड्याळ पाहिलं. मुहूर्त काही कुणासाठी थांबत नाही. त्यांनी खिडकीशी उभं राहून मंत्र सुरू केले. मधेच म्हणाले, "यजमानांनी पाटावर बसावं."

आत एकच माणूस होता. तो बसला.

"चुलीवर दूध ठेवून उतू जाऊ द्यावं."

त्याने ठेवलं. उतू गेलं. अशी सिंधूआत्यांच्या घराची वास्तुशांत झाली आणि घरात बाळनाथचा गृहप्रवेश झाला. आत्या रस्त्यावर हात जोडून उभ्या होत्या.

मी हसले. कृत्तिका हसेल म्हणून थांबले.

"आई, आत्याला पट्टी लावता येत होती?"

"नाही गं."

"मग ती ओरडत का होती?"