चिखलाची आंघोळ

उत्तर ध्रुवाजवळच्या उघड्याबोडक्या माळावर, माणसाचं पाऊलही पडलं नव्हतं तेव्हा, एक पांढराशुभ्र तित्तर राहायचा. बर्फ वितळला की तिथले सगळे तित्तर चिखलात लोळून पिसं मळवून घेत, म्हणजे ससाण्याच्या नजरेस पडत नसत.

"अहो, लोळा ना एकदा," अंड्यांवर बसलेली तित्तरीण विनवायची.

"एवढं देखणं रूप मातीत घालू? उद्या बघू," म्हणत तो घरट्याशेजारच्या दगडावर मिरवायचा.

एके दुपारी ती पांढरी पिसं हेरून ससाणा झेपावला. तित्तर भुर्रकन उडाला. तित्तरिणीने मात्र अंडी सोडली नाहीत. ससाण्याने तिलाच नेलं.

त्यानंतर तो रोज चिखलात लोळायचा, अगदी चोचीपर्यंत. मग गार पडलेल्या अंड्यांपाशी येऊन हळूच विचारायचा, "आता दिसत नाही ना गं मी?"