गळ आणि म्हातारी मरळ

अवजारांनाही वाचा होती त्या काळची ही गोष्ट. केरबा भोयाचा पोलादी गळ ऐटीत म्हणायचा, "भूक लागली की सगळे माझ्याकडेच येतात." पण गावतळ्यातली दोन हात लांब म्हातारी मरळ त्याच्या गांडुळाला हुंगतसुद्धा नव्हती. तिला खांद्यावर टाकून गावभर मिरवायची केरबाला भारी हौस.

एका सकाळी पाण्यावर तिच्या लालसर पिल्लांचा घोळका दिसला. केरबाने नेमका त्यातच गळ टाकला. पाणी उसळलं आणि मरळीने गळ जबड्यात धरला.

"लागली ना शेवटी भूक?" गळ म्हणाला.

"भूक कसली, बाबा? तू टोकदार आहेस, पोरांना लागशील. तुला लांब नेऊन ठेवते."

टोक जबड्यात रुतलं होतं, वरून केरबा दोरी खेचत होता, तरी ती पिल्लांपासून दूर दूर चालली होती. गळाने आजवर पुष्कळ तोंडं पाहिली होती, पण असं एकही नाही.

एकाएकी दोरी सैल पडली. केरबाने ओढून पाहिलं, तर गळ सुईसारखा सरळ झालेला.

"केवढं वजन असेल तिचं," तो थक्क होऊन म्हणाला.

गळ गप्प राहिला. नदीतले तिच्या दुप्पट वजनाचे मासे त्याने कितीदा तरी काठावर आणले होते.