बंद लाइन

“...पण तारेला साखळी लावून वीज जमिनीत उतरवायची असते, ती त्यानं लावली नव्हती. एवढं तरी खरं ना, उस्ताद?”

हमीद उस्ताद बाजेवर बसून चष्मा पुसत राहिले.

विचारणारा निशिकांत बोरसे मुंबईहून आला होता. बावीस वर्षांपूर्वी याच अंगणात, याच सरावाच्या खांबावर, हमीद तांबोळींनी त्याला चढायला शिकवलं होतं. पुढे तो इंजिनियर झाला, अधिकारी झाला. सौरविजेचं नवं धोरण लिहिणाऱ्या समितीचा तो आता सचिव होता. त्यातलं एक कलम त्याचं स्वतःचं होतं आणि त्याचा त्याला अभिमान होता. छपरावर सौर पॅनल बसवणाऱ्याला सात दिवसांत परवानगी. तपासणीला कुणी येणार नाही, मालकानं ‘सगळं ठीक आहे’ असं लिहून दिलं की पुरे.

त्या कलमाला आठ महिने झाले आणि भिला अहिरे मेला.

भिला ठेकेदाराकडचा लाइनमन होता, सव्वीस वर्षांचा. उपकेंद्रातून लाइन बंद करून तो भरदुपारी खांबावर चढला. लाइन बंदच होती. पण पलीकडच्या एका लॉजच्या छपरावर सौर पॅनल होते आणि त्यांचं यंत्र हलक्या प्रतीचं निघालं. गावची वीज गेली की ते आपोआप बंद पडायला हवं होतं. ते पडलं नाही. वीज उलटी तारेत आली.

त्याला खाली उतरवायला चाळीस मिनिटं लागली.

तेव्हापासून तालुक्यातला एकही लाइनमन खांबावर चढत नव्हता. तीनशे नव्या सौर जोडण्या अडून पडल्या होत्या. ही माणसं एकाच माणसाचं, त्यांना शिकवणाऱ्या उस्तादांचं ऐकतील, हे निशिकांतला ठाऊक होतं. उस्तादांनी त्यांना समजवावं, एवढंच मागायला तो आला होता.

त्यानं बॅगेतून चौकशीचा अहवाल काढला. शेवटच्या पानावर लिहिलं होतं : कामगाराचा निष्काळजीपणा. खाली निशिकांतच्या सहीची जागा मोकळी होती.

उस्तादांनी चष्मा लावून ते पान वाचलं. मग पुन्हा वाचलं.

“भिलाच्या सेक्शनला माणसं किती?”

“अकरा.”

“आणि साखळ्या?”

“एक,” निशिकांत म्हणाला.

त्या दिवशी ती कुठे होती, असं उस्तादांनी विचारलं. दुसऱ्या गावी, दुसऱ्या खांबावर, असं निशिकांतनं सांगितलं. त्याचा आवाज उतरला होता, पण लगेच त्याला राग आला. तो बराच वेळ बोलत राहिला. कोळशाच्या राखेनं किती गावं खोकतात, ते त्यानं सांगितलं. परवानगीसाठी लोक पूर्वी दीड-दीड वर्ष खेटे घालायचे आणि तपासणीच्या नावाखाली कोण काय मागायचं, तेही सांगितलं. आपण ती घाण साफ केली, म्हणाला. तुमच्या छपरावर पॅनल आहेत, तेही याच धोरणामुळे, असंही म्हणाला.

“एका अपघातासाठी सगळं थांबवायचं का, उस्ताद?”

उस्ताद उठले.

त्यांनी खुंटीवरचा कमरेचा पट्टा काढून निशिकांतच्या पायाशी टाकला.

“चढ.”

निशिकांतनं त्यांच्याकडे पाहिलं. मग बूट काढले, पट्टा बांधला आणि चढला. सवय मोडली होती. मध्ये दोनदा पाय घसरला. वर पोचला तेव्हा शर्ट पाठीला चिकटला होता.

“लाइन बंद आहे,” उस्ताद खालून म्हणाले. “तार धर.”

निशिकांतनं हात पुढे केला.

वरून त्याला उस्तादांचं छप्पर दिसत होतं. पॅनलवर ऊन रणरणत होतं. छपरावरून एक काळी केबल भिंतीमागे उतरली होती. पुढे ती कुठे जाते, या तारेला जोडलीय की नाही, ते दिसत नव्हतं.

हात तारेपासून वीतभर अंतरावर थांबला.

“टेस्टर द्या.”

“कशाला? मालक सांगतोय, बंद आहे.”

“मग स्विच तरी बघू द्या एकदा.”

“तपासणी होणार नाही.”

“साखळी?”

“दुसऱ्या गावी गेलीय.”

निशिकांत तसाच लटकून राहिला. खाली उस्ताद मान वर करून उभे होते. त्यांच्या डोळ्यांत दया नव्हती.

“धर ना,” ते म्हणाले. “धरलीस तर आत्ता जातो मी पोरांकडे. म्हणतो, साहेबानं स्वतः धरलीय, तुम्हीही चढा.”

किती वेळ गेला, ते निशिकांतला नंतर सांगता आलं नाही. त्याची बोटं एकदा उघडली, पुन्हा मिटली. तारेला ती लागली नाहीत.

शेवटी तो उतरला. पट्टा सोडताना बोटं नीट चालत नव्हती. उस्तादांनी मदत केली नाही.

अहवाल बाजेवर पडला होता. निशिकांतनं तो उचलला, शेवटचं पान काढून फाडलं आणि तुकडे खिशात कोंबले. तपासणीचं कलम परत घालतो, म्हणाला. प्रत्येक लाइनमनला स्वतःची साखळी मिळेपर्यंत एकही जोडणी सुरू होणार नाही, हेही लिहितो, म्हणाला. भिलाच्या घरी मी स्वतः जातो, असंही म्हणाला.

उस्तादांचा चेहरा तसाच कठोर होता.

निशिकांत फाटकापर्यंत गेला आणि वळला.

“उस्ताद, खरं सांगा. तारेत वीज होती का?”

“तू उतरलास,” उस्ताद म्हणाले. “भीती उतरू देऊ नकोस.”