अक्काच्या पानावरची कालवं

ज्याला पाय नाहीत, पंख नाहीत, ते कालव खडकावर येऊन बसतं कसं?

हा प्रश्न बाबलने लहानपणी मास्तरांना विचारला. मास्तरांनी त्याला पाढे म्हणायला लावले. होडीवाल्या सखातात्यांना विचारला, तर ते म्हणाले, "बसतं ते बसतं. तू उभा का? वल्हं घे!" दुसरी इयत्ता पुरी व्हायच्या आत बाबलने शाळा सोडली. प्रश्न मात्र त्याला सोडीना.

बाबल खाडीकाठच्या एका गावात राहायचा. आईबाप गेल्यावर थोरल्या बहिणीने, शेवंतीने, त्याला वाढवलं. तो तिला अक्का म्हणायचा. ओहोटी लागली की अक्का कोयती घेऊन खाडीत उतरायची आणि खडकाला चिकटलेली कालवं काढायची. तिलाही बाबलच्या प्रश्नाचं उत्तर ठाऊक नव्हतं. पण ती त्याला कधी हटकायची नाही. म्हणायची, "मला ठाऊक नाही रे. बघू या."

त्या गावाची एक जुनी रीत होती. कालवं खायची आणि शिंपा, म्हणजे त्यांची कवचं, भट्टीत भाजून त्यांचा चुना करायचा. गावातल्या भिंती बगळ्यासारख्या पांढऱ्याशुभ्र. गावाला त्याचा मोठा अभिमान. पण वर्षागणिक खाडीतली कालवं कमी होत गेली. शेवटी खडकही गाळाखाली गेले आणि नुसता चिखल उरला. लोक म्हणाले, खाडी रुसली.

अक्काला तसं वाटेना. एकदा तिची टोपली फुटून रिकाम्या शिंपा खाडीतच सांडल्या होत्या. काही महिन्यांनी तिने पाहिलं, तर साऱ्या चिखलात तेवढ्याच शिंपांवर इवलाली कालवं बसली होती. तेव्हापासून ती दारोदार शिंपा मागू लागली. त्या उन्हात वाळवायची, काथ्याच्या जाळीत भरायची आणि खाडीत खुंट ठोकून त्यांना बांधायची.

"शेवंते, गावाला चुना लावायला निघालीस की काय गो?" सखातात्या हसायचे.

"लावलेला काढायला निघाले आहे, तात्या," अक्का म्हणायची आणि टोपली पुढे करायची.

नवरात्र सरल्यावर तिने शेवटची जाळी बांधली. दिवसभर कमरेइतक्या पाण्यात उभी होती. कार्तिकात ती तापाने आजारी पडली. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "बाबल, तोंडाला चव नाही रे. कालवाचं सुकं खावंसं वाटतं."

बाबल धावत सुटला. साऱ्या खाडीत हिंडला, गाळात गुडघ्यापर्यंत रुतला. खाण्याएवढं एक कालव मिळालं नाही. रिकाम्या हाताने घरी आला, तेव्हा अक्का गेली होती.

दहाव्याला तो सर्वांदेखत म्हणाला, "अक्काच्या वर्षश्राद्धाच्या पानावर कालवं वाढीन. नाही वाढली तर भावाचं नाव लावणार नाही!"

आणि तसाच उठून खाडीवर गेला. अक्काच्या जाळ्यांत काही धरलं नाही असंच त्याला वाटत होतं; ज्या पाण्याने बहीण नेली, त्यातली एकही जाळी ठेवायची नाही, असं त्याने रागाच्या भरात ठरवलं. त्याने पहिल्या जाळीवर कोयती मारली. शिंपा चिखलात पडल्या. एका शिंपेवर मसुरीच्या डाळीएवढा ठिपका होता. हे काय म्हणून त्याने तो नखाने खरवडला. ठिपका फुटला. आत पाण्याचा एक जिवंत थेंब होता. तो जरासा हलला आणि विरघळला.

बाबल बोटाकडे बघत राहिला. कालव असं येतं तर, थेंबाएवढं असताना पाण्याबरोबर वाहत, आणि शिंपेवर बसतं. मग पुढची शिंप त्याने हलक्या हाताने उलटली. तिच्यावर तसेच चार ठिपके होते. त्याने शिंपा गोळा केल्या, तुटलेली जाळी गाठी मारून शिवली आणि पुन्हा खुंटाला बांधली.

त्यानंतर तो रोज ओहोटीला जाऊ लागला. ठिपके आधी नखाएवढे झाले, मग अंगठ्याएवढे. काही मेले. ते का मेले म्हणून तो पालथा पडून वास घ्यायचा, गाळ चाचपायचा. गाळ साचला की जाळ्या बुडतात, हे त्याला कळलं. मग तो खुंट वर सरकवायचा. पावसाळ्यात दोन जाळ्या वाहून गेल्या, तेव्हा एकटाच मोठ्याने रडला. मग नव्या भरल्या.

वर्ष फिरलं. अक्काचा दिवस आला. कालवं आता अर्ध्या तळहाताएवढी झाली होती. श्राद्धासाठी आलेल्या आत्याने सकाळी खोबऱ्याचं वाटण वाटलं, चुलीवर भांडं ठेवलं आणि म्हणाली, "जा रे, दहा-बारा घेऊन ये. बाय वर्षभर उपाशी आहे."

काठावर गाव जमलं होतं. प्रत्येकाच्या हातात कोयती. सखातात्या म्हणाले, "आधी तू काढ, बाबल. पहिला मान शेवंतीचा. मग आम्ही उतरतो. आमच्या जिभेलाही वर्षं झाली रे!"

बाबल पाण्यात उतरला. चांगलं मोठं कालव बघून त्याने कोयतीचं टोक फटीत घातलं. तेवढ्यात त्याची नजर कालवाच्या पाठीवर गेली. तिथे यंदाचे ठिपके होते. त्याने मोजायला सुरुवात केली, सतरावर थांबला. शेजारच्या कालवावरही तसेच. एकही पाठ मोकळी नव्हती.

"काय रे, कोयती बोथट आहे काय?" कोणीतरी ओरडलं.

बाबलने कोयती फटीतच ठेवली. दहा कालवं काढली तर खाडी काही रिकामी होणार नव्हती. पण मेलेल्या बहिणीसाठी काढली, तर आपल्या जिवंत पोराबाळांसाठी काढू नका असं गावाला कोणत्या तोंडाने सांगणार? आणि न काढावी, तर अक्का दुसऱ्यांदा उपाशी राहणार.

त्याने कोयती बाहेर काढली आणि काठावर आला.

"यांच्या पाठीवर पोरं बसली आहेत, तात्या. आणखी दोन पावसाळे थांबा."

"आणि तुझा शब्द? भावाचं नाव?"

"नाही लावत," बाबल म्हणाला.

सखातात्या वाकले, पाण्याच्या कडेला बसून त्यांनी जवळच्या जाळीतल्या कालवाची पाठ डोळे जवळ नेऊन पाहिली. बराच वेळ पाहिली. मग आपली कोयती कमरेला खोचून घराकडे वळले. त्यांच्यामागे एकेक करून बाकीचेही गेले.

घरी आत्याने रिकामे हात पाहिले आणि कपाळावर हात मारला. "मेल्या, आता पानात वाढू काय?"

"वाटण तसंच शिजव, आत्या."

आत्या पुटपुटत राहिली, पण तिने वाटण शिजवलं. बाबलने पान मांडलं, भात वाढला. मग भांडं स्वतः उचललं आणि कालवं नसलेलं ते वाटण, एक थेंब मागे न ठेवता, अक्काच्या पानावर वाढलं.

तात्पर्य: आपला शब्द खरा करण्यासाठी ज्यावर पुढचे जीव वाढताहेत ते तोडावं लागत असेल, तर शब्द मोडावा आणि कमीपणा आपल्याकडे घ्यावा.