खिडकीची आरती

"मग बाबाजी, सांगा ना... या खिडकीत खोट काढाले जागा हाये का कुठी?"

मोरेश्वर झाडे यांनी हे हात जोडून विचारलं. पण हात जोडलेल्या माणसाची छाती सहसा एवढी पुढे आलेली नसते.

बाबाजी म्हणजे भिवाजी मिस्त्री, सुतारकामातले जुने जाणते. ते खुर्चीत बसून प्रसादाचा शिरा खात होते. वय ऐंशी, बोटांना सागवानाचा रंग कायमचा चढलेला. शिरा सावकाश चालला होता.

चंद्रपूरचा मे महिना होता, बाहेर सेहेचाळीस अंश. घरात सत्यनारायण नुकताच आटोपला होता, आणि निमित्त होतं खिडक्यांचं. लोक नव्या घराची पूजा घालतात, नव्या गाडीची घालतात. मोरेश्वररावांनी घरातल्या नऊ जुन्या खिडक्या काढून नव्या बसवल्या आणि पूजा घातली.

आता त्यांचा अभिमान अगदीच फुकटचा होता, असं नाही. सहा महिने त्यांनी काचा पारखल्या होत्या. गच्चीवर भर उन्हात पाच नमुने उभे केले, प्रत्येकामागे थर्मामीटर टांगला आणि छत्री घेऊन पाळत ठेवली. डोक्याला ऊन लागेल, असं बायको बजावत राहिली. शेवटी निवडली ती दुहेरी काच. मध्ये हवाबंद पोकळी, आतल्या अंगाला उष्णता परतवून लावणारा लेप. पश्चिमेच्या ज्या खिडकीखाली दुपारी तीननंतर मांजरही थांबत नसे, तिथे आज पाहुणे मांडी घालून बसले होते.

"हात लावून पाहा काचेले," ते दौलतरावांना म्हणाले. दौलतराव म्हणजे त्यांच्या मुलीचे होणारे सासरे, वर्ध्याहून मुद्दाम आलेले.

दौलतरावांनी तळहात टेकवला.

"तापली नाही बा."

मोरेश्वररावांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. डोळे मात्र बाबाजींकडेच लागले होते.

अकरा वर्षं ते भिवाजींच्या हाताखाली राबले होते. रंधा कसा धरायचा इथपासून सगळं तिथेच शिकले. आज शहरात त्यांचं स्वतःचं खिडक्या-दारांचं दुकान होतं, बारा कारागीर होते. फक्त एक गोष्ट मिळाली नव्हती. कोणी भिवाजींना विचारलं, "झाडे तुमचाच ना?" तर म्हातारा म्हणे, "होता आमच्याकडे कामाले." पुढे अक्षर नाही. आपला शिष्य म्हणून भिवाजींनी आजवर दोघाचौघांची नावं घेतली होती, त्यात मोरेश्वर नव्हता. पंचवीस वर्षं हे त्यांना सलत होतं.

आज या खिडकीसमोर, चार लोकांत, व्याह्यांच्या देखत, त्यांना ते एकदा ऐकायचं होतं. त्याचसाठी तर रिक्षा पाठवून म्हाताऱ्याला आणलं होतं.

"बाबाजी...?"

भिवाजींनी वाटी खाली ठेवली. हात धुतले.

"पंखा बंद कर. एसी पण."

ते चौरंगापाशी गेले. देवासमोरची एक जळती उदबत्ती उचलली आणि पश्चिमेच्या खिडकीशी येऊन उभे राहिले.

खिडकीखाली बसलेले पाहुणे बाजूला सरकले.

बाबाजींनी उदबत्ती खिडकीच्या खालच्या कोपऱ्याशी धरली आणि हात हळूहळू वर नेऊ लागले.

"अगं माय, खिडकीची आरती करून राहिले बाबाजी," मोरेश्वररावांच्या मावशी पुटपुटल्या.

बायकांनी हात जोडले. मावशींनी पुढे होऊन काचेला हळदीकुंकवाचं बोट लावलं. दौलतरावांनीही टोपी नीट केली.

मोरेश्वररावांचे डोळे भरून आले. भिवाजी मिस्त्री त्यांच्या खिडकीला ओवाळत होते. आता शिष्य म्हटलं काय आणि नाही म्हटलं काय.

मग त्यांचं लक्ष त्या हाताकडे गेलं.

आरतीचा हात गोल फिरतो. हा हात सरळ चालला होता, चौकट आणि भिंत जिथे जुळतात त्या सांध्यावरून, भिंतीपासून बोटभर अंतर राखून. धूर दोऱ्यासारखा उभा होता.

मोरेश्वररावांना सगळं आठवलं. खिडकी बसवून झाली की भिवाजी गिऱ्हाइकाच्या घरात असंच करायचे, आणि उदबत्ती पेटवून द्यायचं काम मोरेश्वरचं असायचं. पुढे त्यांच्या स्वतःच्या दुकानात कारखान्याच्या खिडक्या आल्या, त्यांच्याबरोबर चाचणीचे कागद आले, शिक्के आले. उदबत्ती मागे राहून गेली.

हात वरच्या उजव्या कोपऱ्याशी पोचला.

धूर मोडला.

आडवा होऊन तो थेट मावशींच्या तोंडावर आला. मावशींनी डोळे मिटून तो दोन्ही हातांनी डोक्यावरून घेतला.

भिवाजींनी हात तिथेच ठेवला. वळून पाहिलं नाही.

मोरेश्वरराव जवळ गेले. त्यांनी कोपऱ्याशी बोटं नेली. बाहेरची झळ बारीक धारेने आत येत होती. खिडक्या बसल्या त्या दिवशी ते नागपूरला होते. दुकानदारांच्या संघटनेने त्यांचा सत्कार ठेवला होता, शाल आणि नारळ. कारागिराला त्यांनी फोनवर विचारलं होतं, चौकटीमागे सगळीकडे फट बुजवणारा फोम भरला ना? भरला, म्हणाला. वरून पांढरी पट्टी बसली की मागचं कोणाला दिसत नाही.

"बाबाजी..." ते अगदी हळू म्हणाले.

"लोकं हात जोडून राहिले," भिवाजी तेवढ्याच हळू म्हणाले. "काय सांगू त्याहिले?"

...

म्हातारा टोमणा मारत नव्हता. खरंच विचारत होता. काही नका सांगू, असं म्हटलं असतं, तर त्याने उदबत्ती देवापुढे नेऊन खोचली असती, चहा घेतला असता आणि रिक्षात बसून घरी गेला असता. कोपरा उद्या गुपचूप भरता आला असता. आणि वर्ध्यात दौलतरावांनी चार घरी सांगितलं असतं, की मोठ्या मिस्त्रींनी आमच्या व्याह्यांच्या खिडकीची आरती केली.

मोरेश्वररावांना लाज वाटली. लाजेहून जास्त राग आला, तो स्वतःचा.

"मावशी, हात खाली घ्या," ते म्हणाले. "आरती नाही ही. माह्या खिडकीले फट हाये. बाबाजींनी ती धरली."

मावशींनी हात खाली घेतले.

"बसवली तवा मी इथं नव्हतो. सत्कार घ्याले गेलो होतो." ते थांबले. दौलतरावांकडे न पाहता त्यांनी पुढचं बोलून टाकलं. "माह्या दुकानातून ज्याच्या ज्याच्या घरी खिडक्या गेल्या, त्या साऱ्या घरी उद्यापासून उदबत्ती घेऊन मीच जातो."

मग त्यांनी कोपऱ्यातलं स्टूल ओढलं. पूजेच्या नव्या कुडत्याच्या बाह्या वर सारल्या, हत्यारांच्या पेटीतली पटाशी घेऊन स्टुलावर चढले आणि तिच्या धारेने पांढरी पट्टी उचकटायला लागले. पट्टी निघाली. मागे वीतभर जागा रिकामी होती. तिथून बाहेरचं ऊन दिसत होतं.

दौलतराव खाकरले. ज्या घरची मुलगी सून करून आणायची, त्या घराची आब त्यांच्या डोळ्यांदेखत पाव इंच खाली आली होती.

"एवढं दुकान, एवढा सत्कार," ते साऱ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "अन् घरच्याच खिडकीले फट. कोणाच्या हाताखाली शिकले म्हणायचे हे?"

स्टुलावर मोरेश्वररावांचा हात थांबला. मान वळवायची त्यांची हिंमत झाली नाही.

स्टूल डुगडुगत होतं. भिवाजी वाकले, दोन्ही हातांनी त्याचे पाय घट्ट धरले, आणि खालूनच म्हणाले,

"माह्या."